सोलापुरात ट्रॉफी-मोमेंटोचं दुकान: मशीन आधी की गिऱ्हाईक आधी?

रिकामा_माग

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी सोलापुरात एका फ्लेक्स-डीटीपीच्या दुकानात कामाला आहे. कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर हात बसलाय, मंडळवाले, शाळावाले, पतसंस्थावाले सगळे तोंडओळखीचे. फ्लेक्सचं मॅटर द्यायला आलेला माणूस निघताना हमखास विचारतो, "ढाली पण होतील का इथंच?" आम्ही त्याला नवी पेठेचा रस्ता दाखवतो. मालकांना त्यात रस नाही. मला आहे.

घरचे तीन लाखांपर्यंत उभे राहतील. अशोक चौकाच्या मागं आमचं घर आहे, पुढच्या खोलीत वडलांचे यंत्रमाग होते. ते विकले, खोली रिकामी आहे, थ्री फेजचं कनेक्शन अजून चालू आहे. दुसरा पर्याय म्हणजे जुळे सोलापुरात भाड्यानं गाळा. एक ओळखीचे म्हणतात, आधी लेझर मशीन घे, त्याशिवाय हा धंदाच नाही. दुसरे म्हणतात, मशीनच्या हप्त्यात मरशील, तयार माल आण आणि नावाची प्लेट चिकटवून विक. दोघंही ठामपणे सांगतात, आणि दोघांचंही स्वतःचं दुकान नाही.

ज्यांनी हा किंवा असा धंदा केलाय त्यांनी लिहा. माल कुठून येतो, पैसे कुठं अडकतात, काय घेऊ नये, सगळं ऐकायचंय.

कडकभाकरी

काय करलालास बे! चांगली नोकरी सोडून ढाली विकणार?

हलके घ्या. धाग्यानं शंभरी गाठली तर पहिली ढाल धागाकर्त्यालाच. पैसे मात्र रोख.

सात_रस्ता

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ढालवाले_काका

या धंद्यात उभा जन्म गेला (सोलापूर नव्हे, शेजारचा जिल्हा). आता दुकान मुलगा बघतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ट्रॉफी आपल्यासारखं कुणी "बनवत" नाही, आपण ती जोडतो. धातूचे कप मुरादाबादकडून येतात, खेळाचा माल मेरठकडून, बाकी फायबर आणि प्लास्टिकचं दिल्लीच्या होलसेलमधून. घाईचा माल असेल तर मुंबईत धोबी तलावला जायचं, दर चढा पण माल हातात. बेस वेगळा, दांडा वेगळा, कप वेगळा, वरची फिगर वेगळी. बेसच्या खालून रॉड घालायचा, एकेक भाग ओवायचा, वॉशर लावून नट आवळायचा. इथं नवा पोरगा दोनच गोष्टी करतो. ढिला ठेवला की कप हातात फिरतो आणि स्टेजवर पाहुण्यांच्या हातातच गळ्याशी वाकडा होतो. जास्त आवळला की मार्बलच्या बेसला खालून बारीक चीर जाते. ती दुकानात दिसत नाही, गिऱ्हाइकाच्या घरी दिसते. फायबर वॉशर लावा आणि पान्यापेक्षा हातावर भरवसा ठेवा.

दुसरी गोष्ट, गिऱ्हाईक ट्रॉफी उंचीवर घेतं, देखणेपणावर नाही. पहिल्याला मोठी, दुसऱ्याला मधली, तिसऱ्याला छोटी, तिन्ही एकाच वाणाच्या. म्हणजे माल सेटनं विकला जातो. कुणीतरी "फक्त मोठी द्या, मॅन ऑफ द मॅचला" म्हणून येतो, आपण दोन पैशांच्या मोहानं सेट फोडतो. मार्चअखेर कपाटात बघावं तर मधल्या आणि छोट्या अनाथ उभ्या. तो वाण पुढच्या वर्षी होलसेलवाल्याकडे नसतो, मोठी परत मिळत नाही. माझ्या ओळखीची दोन दुकानं अशा अनाथ मालात बसली. त्यामुळं वाण थोडे, पण सेट पुरे. सुट्या विक्रीसाठी वेगळा माल ठेवा.

तिसरी, नफा कपात नाही, प्लेटमध्ये आहे. कपाचा भाव गिऱ्हाईक फोनवर चार ठिकाणी विचारून आलेलं असतं. त्याच्या नावाच्या प्लेटचा भाव कुणी विचारत नाही.

म्हणून पहिल्या सीझनला मशीन घेऊ नका. प्लेटा बाहेरून कोरून आणा. गिऱ्हाईक तयार झालं की बघा.

लेझरवाला

काकांचा पूर्ण आदर ठेवून शेवटच्या ओळीशी असहमत. तुम्हीच म्हणता नफा प्लेटमध्ये, आणि तीच प्लेट दुसऱ्याच्या दारात जाऊन करायची?

हिशोब सांगतो. डबल कलर शीट येते, वर सोनेरी थर, खाली काळा, लेझर वरचा थर उडवतो आणि अक्षर काळं उमटतं. दोन बाय चार फुटांच्या शीटमधून तीन बाय एक इंचाच्या प्लेटा कागदावर ३८४ निघतात. कापण्यात, चुकण्यात गेल्या तरी साडेतीनशे कुठं नाहीत? त्या बाहेरून करून घेतल्या तर प्रत्येकीमागं दुसऱ्याला पैसे, वर त्याच्या वेळेची मिनतवारी.

मी पुण्यात मशीन बसवतो, दुरुस्तही करतो, त्यामुळं माझं मत विकाऊ समजायला हरकत नाही. पण तांत्रिक बाब तरी ऐका. लेझर दोन जातीचे, सीओटू (काचेच्या ट्यूबमध्ये गॅस असलेला) आणि फायबर. सीओटू अ‍ॅक्रिलिक, एमडीएफ, लाकूड, ही शीट, सगळं कापतो आणि कोरतो, पण कोऱ्या स्टील-पितळेवर उमटत नाही. फायबर लेझर धातूवर झकास चालतो, पण पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर आणि लाकडावर त्याचा उपयोग नाही. मोमेंटोवाल्यानं पहिला सीओटूच घ्यावा. साठ-ऐंशी वॅटचं, दोन बाय सव्वा फुटाचं टेबल असलेलं मशीन साधारण दीड-दोन लाखांच्या घरात येतं.

धागाकर्ते फ्लेक्सवाले आहेत म्हणून एक धोक्याची सूचना. सनबोर्डचे तुकडे दुकानात पडलेले असतात, लेझरमध्ये घालून बघायचा मोह होतो. घालू नका. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी, जळला की आम्लाचा वायू सुटतो. तुमची फुप्फुसंही जातात आणि मशीनचे रेल-बेअरिंगही गंजतात. वॉरंटीत मी येणार नाही.

कडकभाकरी

पण मशीनला थंड ठेवायला पाणी लागतं म्हणे. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. माणसांनी प्यायचं का ट्यूबनं?

लेझरवाला

@कडकभाकरी, तेच पाणी फिरत राहतं हो, रोज भरायचं नसतं. आणि नळाचं नकोच, डिस्टिल्ड घालायचं, नाहीतर क्षार बसतात. पण प्रश्न चुकून बरोबर विचारलात. काचेच्या ट्यूबला पाणी वीस-पंचवीस अंशांच्या आसपास हवं. एप्रिल-मेत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर. नुसता पंप आणि बादली देणारा विक्रेता भेटेल, "चालतंय की" म्हणेल. तुमच्याकडं चालणार नाही. गॅस कॉम्प्रेसरचा चिलर घ्या, साधा पंखेवाला नको. तो नसेल तर दुपारी मशीन बंद ठेवून रात्री काम करा.

ढालवाले_काका

रात्रीच करावं लागतं, चिलर असो वा नसो. सगळ्या ऑर्डरी उद्या सकाळी दहाच्या कार्यक्रमाच्या असतात.

होमलेला_पुणेकर

हे सगळं आता ऑनलाइन मिळतं. पुण्यात बसून मी ऑफिससाठी क्रिस्टलच्या ट्रॉफ्या मागवल्या, चार दिवसांत घरपोच. नाव कोरून. स्थानिक दुकान उघडण्यात मला तरी भविष्य दिसत नाही. वेबसाइट काढा, देशभर विका.

भीमाकाठ

@होमलेला_पुणेकर, मालक, आमच्या लेझीम स्पर्धेची फायनल ठरते आदल्या रात्री. परीक्षकांचं नाव ठरतं सकाळी. उद्घाटक बदलतो दुपारी, कारण आधीचे रुसतात. तुमचे चार दिवस कुठं बसवायचे?

कडकभाकरी

+१. रुसलेल्याला पण एक मोमेंटो द्यावा लागतो. तो वेगळा.

बार्शीची_बाई

मी शाळेत शिक्षिका आहे, दर वर्षी स्नेहसंमेलनाची बक्षिसं माझ्याकडं असतात. गिऱ्हाइकाच्या बाजूनं लिहिते.

आम्हाला स्वस्त नको असतं, बिनचूक हवं असतं. एका वर्षी एका दुकानानं (नाव सांगत नाही) सगळ्या ढालींवर "द्वितिय" असं ऱ्हस्व ति घालून दिलं. मराठीच्या शाळेत! मुख्याध्यापकांनी स्टेजवरच चष्मा वर करून वाचलं. दुकानदार म्हणाला, "बाई, तुम्हीच ओके दिलं होतं." दिलं होतं फोनवर, बघितलं कुणी होतं?

त्यामुळं दुकान काढाल तेव्हा प्रत्येक प्लेटचं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि लेखी "ओके" आल्याशिवाय कोरू नका. आणि कृपा करून शाळेला सांगा की नावांची यादी हातानं लिहून पाठवू नका. आमच्याकडं पाचवीच्या बाई एक, सातवीचे सर एक, ज्याच्या त्याच्या अक्षरात. ऋतुजाची रुतुजा होते, आणि ऋतुजाची आई संमेलन संपायच्या आत मला गाठते.

रिकामा_माग

@बार्शीची_बाई ताई, हे रोज बघतो. त्यात फाँटची भानगड वेगळीच. शाळेचा क्लार्क श्रीलिपीत (जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात) टाइप करून पाठवतो, आपल्याकडं उघडलं की नुसती चिन्हं. कन्व्हर्टरमधून युनिकोड केलं की रफार आणि जोडाक्षरं कुठंतरी तुटतात, आणि ज्या आडनावात ती असतात तेच बक्षीस मिळवतं. हे मला जमतं, त्यामुळंच हिंमत होतेय.

काका आणि लेझरवाले, तुम्ही दोघं भांडा, मला दोन्हीकडून शिकायला मिळतंय. पण उधारीवर कुणीच लिहिलं नाही.

भीमाकाठ

उधारीवर मी लिहितो, कारण बुडवणाऱ्यांच्या बाजूचा आहे. मंडळात होतो बरीच वर्षं.

आतली गोष्ट सांगतो. मंडळाकडं ट्रॉफीचे पैसे कधीच नसतात. पत्रिका वाचा नीट: "प्रथम पारितोषिक, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ तमुक यांजकडून." प्रत्येक ट्रॉफीचा दाता वेगळा असतो. मंडळ ढाली आधी उचलतं, कार्यक्रम झाल्यावर दात्याकडं पैसे मागायला जातं, तोवर दाता गावाला गेलेला असतो. मग दुकानदार मंडळाच्या मागं, मंडळ दात्याच्या मागं, आणि नवीन अध्यक्ष आला की "ते मागच्या कमिटीचं हाय."

दुकानदारानं काय करावं? पत्रिका मागून घ्यावी. प्रत्येक दात्याचा नंबर घ्यावा. "तुमच्या वडलांच्या नावाची प्लेट करायची आहे, मॅटर बघून घ्या" म्हणून फोटो थेट दात्याला पाठवावा, खाली क्यूआर कोड. वडलांचं नाव बघून माणूस लगेच पैसे पाठवतो. मंडळातून गेलं की आठ महिने.

ढालवाले_काका

भीमाकाठ, हे मला कुणी तीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. मुलाला आत्ताच वाचून दाखवलं.

सात_रस्ता

वाचनखूण साठवली. हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.

हुतात्मा_चौक

जरा विषयांतर. मला या सगळ्या पुरस्कारांच्या सुळसुळाटाचाच कंटाळा आलाय. दर रविवारी कुठंतरी "समाजरत्न", "आदर्श" हे नि "गौरव" ते. ज्याला मिळतो त्यालाच फोन येतो, अमुक हजार भरा, शाल, श्रीफळ, मोमेंटो, फोटो मिळेल. तुम्ही दुकान काढलंत की हीच मंडळी तुमची सगळ्यात मोठी गिऱ्हाइकं. चालेल का मनाला?

कडकभाकरी

ती मंडळी ॲडव्हान्स देतात बे. आधीच गोळा झालेला असतो.

बार्शीची_बाई

@हुतात्मा_चौक, खरं आहे. पण माझ्या वर्गातल्या एका मुलीला धावण्यात मिळालेली हातभर ढाल घरात टीव्हीच्या वर ठेवलीय. विडी कामगारांच्या घरकुलातलं घर, दोन खोल्या, आई विड्या वळते. त्या ढालीला टॉवेल घालून ठेवलाय, धूळ बसू नये म्हणून. खोट्या पुरस्कारांसाठी खऱ्या ढालीला नावं नका ठेवू.

हुतात्मा_चौक

ताई, मागे घेतो. म्हणजे अर्धं.

तुळजापूर_वेस_सीए

धंद्याचा कागदी भाग लिहितो. सल्ला फुकट आहे, तेवढ्याच वजनाचा समजा, प्रत्यक्ष करताना आपल्या सीएला विचारा.

नुसता माल विकत असाल तर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा वार्षिक ४० लाख. पण "माझी थाळी आहे, नुसतं नाव कोरून द्या" असली कामं घेतलीत की ती सेवा झाली, मग मर्यादा २० लाखांची धरा. मुरादाबाद, दिल्लीहून माल आणायला नोंदणी सक्तीची नाही, मात्र परराज्यात माल विकायचा असेल तर पहिल्या रुपयापासून हवी. आपल्याकडं हे महत्त्वाचं, कारण विजापूर, इंडी, कलबुर्गीची गिऱ्हाइकं सोलापुरात येतात. ती दुकानात येऊन माल घेऊन गेली तरी बिलावर काय लिहायचं ते आधी विचारून घ्या.

कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत) गेलात तर व्यापारी-उत्पादकाला उलाढालीवर १ टक्का, कागदपत्रं कमी. पण गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, परराज्यात विकता येत नाही, आणि कारखाने, कॉलेजं यांना त्या बिलावर कराचं क्रेडिट (वजावट) मिळत नाही. मंडळं आणि शाळा हेच गिऱ्हाईक असेल तर ठीक.

कर्जाचं: मुद्रा योजनेत किशोर गटात ५० हजार ते ५ लाख, तारण नाही. पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगार योजनेत नवीन उद्योगाला अनुदान आहे, शहरात खुल्या प्रवर्गाला प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के, इतर मागास, महिला वगैरे विशेष प्रवर्गाला २५ टक्के. जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. पण ते अनुदान हातात मिळत नाही, तीन वर्षं बँकेत तुमच्या नावानं ठेवीत राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. "सरकार मशीन फुकट देतंय" असं सांगणारा एजंट भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद) ऑनलाइन आहे, फुकट आहे, त्यासाठीही कुणाला पैसे देऊ नका.

लेझरवाला

सीएसाहेब, छान. कायद्याचं आणखी एक जोडतो. मोमेंटोवर अशोकस्तंभाची राजमुद्रा घालून द्या म्हणणारे खूप येतात, कारण त्यानं वजन येतं. २००५ च्या कायद्यानं राजचिन्हाचा असा वापर मनाई आहे. सरकारी कार्यालयाची ऑर्डर असेल तर त्यांच्याकडून लेखी घ्या, बाकीच्यांना सरळ नाही म्हणा.

जुना_पंच

खो-खोचा पंच होतो, मैदानाच्या कडेला आयुष्य गेलं. दुकानदारांना दिसत नाही असं एक काम सांगतो.

प्रत्येक शाळेत, तालमीत, क्रीडा मंडळात एक फिरता करंडक असतो. बेसभोवती छोट्या छोट्या ढाली, प्रत्येकीवर वर्ष आणि विजेता. त्यातल्या निम्म्या ढाली पडलेल्या, पाच-सात वर्षांची नावं घातलेलीच नाहीत, कपाची निकेल उडून पिवळं दिसतंय, एक कान तुटलेला. नवीन घ्यायला कमिटी तयार नसते, कारण जुन्यावर आजोबांचं नाव असतं. पॉलिश करून, कान जोडून, राहिलेली वर्षं कोरून देणारा माणूस सोलापुरात शोधायला गेलो की "नवीनच घ्या की" म्हणतात. एकदा तो करंडक तुमच्या हातात आला की दर वर्षी नवीन नाव घालायला तुमच्याकडंच येणार. सोबत त्या वर्षीची पदकंही तुमच्याकडूनच.

पदकांबद्दल: रिबिनीवर काटकसर करू नका. पोरं पदक गळ्यात घालून पार्कच्या मैदानाला चक्कर मारतात, आणि शिवण उसवून पदक खाली पडलं की पंचाकडं बघतात.

चाटी_गल्ली

सगळे लेझर आणि पितळ करताय. सोलापूरचा माणूस सोलापूरचं काहीतरी का देत नाही? पाहुणा कोल्हापूरहून आला काय नि नागपूरहून आला काय, त्याला दिल्लीत बनलेला काचेचा ठोकळा. शहराच्या पूर्वभागात हातमागावर वॉल हँगिंग विणणारी घरं आहेत. सिद्धेश्वर मंदिर, नंदीध्वज, विठ्ठल, हवं ते विणून देतात. ते फ्रेममध्ये बसवून खाली प्लेट लावली की झालं सन्मानचिन्ह. धागाकर्त्याच्या घरी तर मागच होते!

रिकामा_माग

@चाटी_गल्ली, आमचे टॉवेलचे यंत्रमाग होते हो, वॉल हँगिंग ही वेगळी कला. पण चुलत्यांच्या ओळखीत विणणारे आहेत. अडचण वेळेची. एक डिझाइन मागावर चढवायचं म्हणजे एकसारखे नग भरपूर हवेत. "पाहुणे तीन, उद्या सकाळी" अशा ऑर्डरला ते परवडत नाही. पण देवळाचं डिझाइन आधीच विणून ठेवलं आणि फक्त प्लेट बदलली तर जमेल असं वाटतंय. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत बाहेरून पाहुणे येतात, तेव्हा विचारून बघेन.

ढालवाले_काका

हे करा. काचेच्या ठोकळ्याचा भाव सगळ्यांना पाठ आहे. विणलेल्या सिद्धेश्वराचा भाव कुणाला माहीत?

सीझनचं राहिलं म्हणून लिहितो. डिसेंबर-जानेवारी स्नेहसंमेलनं, जागा पुरत नाही. त्याला लागून शिवजयंती, मग १४ एप्रिल. क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धा थंडी-उन्हाळाभर. चैत्रापासून गावोगावच्या जत्रा, कुस्त्या, तिथं गदा लागते. महाराष्ट्र केसरीला चांदीची गदा, म्हणून गावातल्या शेवटच्या कुस्तीलाही गदाच हवी, पितळेची चालते. निकाल लागले की जून-जुलैत गुणवंतांचे सत्कार. मग गणपती. आणि सप्टेंबरअखेर सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा, हे नवीन माणूस विसरतो. पतसंस्था सभासदांच्या मुलांना देतात, साखर कारखाने जास्त ऊस काढणाऱ्या शेतकऱ्यांना देतात. तुमच्या जिल्ह्यात कारखान्यांना काय तोटा? चेकनं पैसे, उशिरा का होईना, पण येतात. तीन कोटेशन मागतात, आपलंच तिसरं असावं.

पितृपक्षात दुकान झाडून घ्यायचं.

होमलेला_पुणेकर

माझा मुद्दा तसा चुकीचा नव्हता, पण भीमाकाठ यांचा प्रतिसाद वाचून हसलो. असो. क्रिस्टलवर लेझरनं नाव होतं का? माझ्या ट्रॉफीवरचं छापलेलं होतं आणि खरवडून निघालं.

लेझरवाला

ते यूव्ही प्रिंट (शाई छापून प्रकाशानं सुकवलेलं) असणार, बहुतेक प्रायमर (शाई धरून ठेवणारा थर) न लावता केलेलं. काचेवर सीओटूनं पांढरट खरखरीत कोरता येतं, पण बारीक देवनागरीत कडा तुटतात. सँडब्लास्टिंग जास्त सुबक. आतमध्ये हवेत तरंगल्यासारखं चित्र असतं ते वेगळ्याच लेझरचं काम. यूव्ही प्रिंटरच्या नादाला धागाकर्त्यानं सध्या लागू नये, तो फार मोठा खर्च, आणि रोज चालवला नाही तर हेड जाम होतो.

अ‍ॅक्रिलिकबद्दल मात्र लिहून ठेवा. कास्ट (साच्यात ओतलेली) शीट मागा, एक्स्ट्रूडेड (दाबून काढलेली) नको. कास्टवर कोरलेलं पांढरं उठून दिसतं, एक्स्ट्रूडेडवर वितळल्यासारखं येतं. वरचा कागद कापून होईपर्यंत काढू नका, धुराचे डाग पडतात. आणि कापलेल्या कडा थिनर-स्पिरिटनं पुसू नका. त्या क्षणी लखलखीत दिसेल, थोड्या वेळानं कडेला कोळ्याच्या जाळ्यागत चिरा. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बास.

उगाचच

मला मिळालेले सगळे मोमेंटो आईनं खालच्या प्लेटा उपटून काढून कुळाचाराला आलेल्या बायकांना भेट म्हणून दिले. एक ट्रॉफी अगरबत्तीचं घर झालीय.

बार्शीची_बाई

@उगाचच, म्हणून म्हणते उपयोगाची वस्तू द्या. आमच्या संस्थेनं एका वर्षी पाहुण्यांना चादर आणि शेंगाचटणीचा डबा दिला. पाहुण्यांनी स्टेजवरच डबा उघडून वास घेतला. सत्कारात इतकं खूश झालेलं माणूस मी पाहिलेलं नाही.

कडकभाकरी

चटणीवर लेझरनं नाव कोरता येतं का, लेझरवाले?

लेझरवाला

डब्यावर येतं. स्टीलचा असेल तर फायबर लेझर लागेल. पुढच्या वर्षी घेऊ.

रिकामा_माग

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन-तीन दिवस नुसता वाचतोय आणि वहीत उतरवतोय. माझं ठरलंय ते सांगतो, चुकत असेन तर आत्ताच ओढा.

गाळा घेत नाही. घरातलीच खोली. गिऱ्हाइकांचे नंबर ओळखीचे आहेत, त्यांना गाळ्याशी नाही, माझ्याशी मतलब आहे. भाडं वाचेल तेवढ्यात चिलर येतो. काकांचं ऐकून नवीन मशीन सध्या नाही, पण लेझरवाल्यांचं ऐकून नुसतं बाहेरूनही नाही. कुंभारीकडं एकाचं सेकंडहँड सीओटू निघालंय, तो गणपतीपर्यंत भाड्यानं द्यायला तयार आहे, पटलं तर विकत. माल चारच वाणांचा, पण पूर्ण सेट. मालकांशीही बोललो. नोकरी सोडत नाही, ते म्हणाले, "ढालींची गिऱ्हाइकं तुझ्याकडं पाठवतो, तू फ्लेक्स माझ्याकडं पाठव."

लेझरवाला

सेकंडहँड घेताना ट्यूब किती चालली आहे ते विचारू नका, कुणी खरं सांगत नाही. सोबत अ‍ॅक्रिलिकचा तुकडा घेऊन जा, त्याच्याच मशीनवर पाच एमएम एका फटक्यात कापून दाखवायला सांगा. मग तासभर सलग चालवून परत तेच. दुसऱ्या वेळी कापलं नाही तर भाव निम्मा. स्टॅबिलायझर आणि अर्थिंग बघा. माग होते म्हणजे अर्थिंग असेलच असं धरू नका.

ढालवाले_काका

मालक शहाणा दिसतो तुमचा. त्याला सांभाळा. मुरादाबादचा माल आला की पेटी ट्रान्सपोर्टवाल्याच्या समोर उघडा. दबलेला कप नंतर कुणी बदलून देत नाही.

भीमाकाठ

मग बोहनी आमच्याकडूनच. चैत्रात गावची जत्रा आहे. शेवटच्या कुस्तीला एक गदा, बाकी कुस्त्यांना ढाली, पंचांना मोमेंटो. किती होतील?

रिकामा_माग

@भीमाकाठ, खाजगी निरोप (व्यनि) केलाय. आधी पत्रिका पाठवा आणि दात्यांचे नंबर.

भीमाकाठ

आयला.

कडकभाकरी

घ्या आता! स्वतःच शिकवलंत.

रिकामा_माग

गदेचं मॅटर युनिकोडमध्ये पाठवा. श्रीलिपीत नको.